नेम चुकला तरी

डी. एच. लॉरेन्स यांची ‘स्नेक’ ही कविता आम्ही प्रथम वाचली ती परीक्षेपुरती. ‘सापाला पाहून कवीच्या मनात द्वंद्व सुरू होते’ असे लिहून मार्क मिळवले आणि विसरलो.

सिसिलीतल्या वास्तव्यात सुचलेली ही कविता १९२३ च्या ‘बर्ड्‌स, बीस्ट्स अँड फ्लॉवर्स’ या संग्रहात आहे. प्रसंग साधा. जुलैची तलखी. माणूस पाण्याच्या कुंडीवर येतो, तर साप आधीच पाणी पीत असतो. माणूस आपली पाळी येईपर्यंत थांबतो. घेतलेले शिक्षण सांगते, सोनेरी साप विषारी, मारून टाक. मनाला मात्र तो पाहुणा वाटतो. पाणी पिऊन साप अंधाऱ्या बिळात शिरू लागतो आणि तेव्हा माणूस लाकूड फेकतो. ते बहुधा लागतही नाही. तरी त्याला स्वतःची लाज वाटते.

इजाच झाली नाही, तर अपराध कोणता?

आम्हांला वाटते, भीती हा अपराध नव्हे, सापाला भ्यावेच. पण तो समोर होता तोवर हात आवरलेला होता. उठला तो धोका टळत असताना. म्हणजे तो वार बचावासाठी नव्हता.

कुणाला भ्यावे, हे आपण बहुधा ऐकूनच शिकतो. आपल्याविषयीही कुणी असेच काही ऐकलेले असते, आपणही कुणाविषयी ऐकून असतो. शहानिशा न करता पाठमोऱ्या शेजाऱ्यावर हात उगारला, तर नेम चुकला म्हणून आपण सुटत नाही.

त्या उत्तरपत्रिकेत आम्ही हे लिहिले नव्हते.