निकाहापूर्वी रक्ततपासणी: दोष कोणाचा, अमानत कोणाची?



सिकलसेल हे नाव विदर्भात आता कोणाला नवे राहिलेले नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. अहवाल हाती पडू लागले, तसे प्रश्न मशिदीपर्यंतही येऊ लागले. वाशिम जिल्ह्यातील एका पित्याने मला विचारले, "मौलानासाहेब, मुलगी वाहक निघाली आहे. तिला त्रास काहीच नाही. स्थळ आले आहे, तर सांगणे वाजिब आहे का?"

उत्तर देण्यापूर्वी 'वाहक' म्हणजे काय, ते समजून घ्यावे लागेल. प्रत्येकाला रक्ताचा हा गुण आईकडून एक व वडिलांकडून एक असा जोडीने मिळतो. एकच सदोष असेल तर माणूस निरोगी असतो, तोच वाहक. दोन्ही सदोष असतील तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडते आणि लेकरू असह्य वेदनांनी तळमळते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील तरच, प्रत्येक गर्भारपणी, चारांत एक शक्यता अशा आजारी बाळाची असते. एक जण जरी पूर्ण निर्दोष असेल तर एकही मूल या आजाराचे जन्मत नाही. आजार होण्यासाठी दोघांकडून वारसा लागतो. मग बोल एकट्या सुनेलाच का?

हा गुण आदिवासी बांधवांत व इतर काही समाजांत अधिक आढळतो, तसाच थॅलेसेमिया सिंधी, पंजाबी व काही कच्छी समाजांत. त्यामुळे 'तो त्यांचा आजार' असे म्हणण्याची सवय आपल्याला जडली आहे. वस्तुतः सिकलसेलचा वाहक मलेरियाच्या प्राणघातक हल्ल्यातून अधिक तगतो. जिथे मलेरिया पिढ्यानपिढ्या माजला, तिथेच हा गुण टिकला. ज्याने पूर्वजांना वाचवले, त्याला कलंक म्हणणे ही कृतघ्नताच नव्हे काय? अन्सारांच्या घरी सोयरीक जुळवणाऱ्या एका गृहस्थाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुलीला आधी पाहून घेण्यास सांगितले, कारण अन्सारांच्या डोळ्यांत काहीतरी असते. सहीह मुस्लिममधील ही हदीस आहे. एका समाजाचे शारीरिक वैशिष्ट्य येथे उघड बोलले गेले. पण त्या समाजात निकाह करू नका, असे म्हटले गेले नाही. अन्सार तर प्रेषितांना (स.) किती प्रिय होते!

'तकदीरपुढे तपासणी कसली?' असे विचारणाऱ्यांसाठी हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग पुरेसा आहे. शामच्या वाटेवर सर्ग येथे प्लेगची वार्ता कळताच ते परतले, आणि हे अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जाणे आहे, असे त्यांनी आक्षेप घेणाऱ्याला समजावले.

चुलत-मामेभावंडांचा निकाह हलाल आहे. त्यात फेरफार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण हलाल म्हणजे फर्ज नव्हे. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी एक अष्टमांश वारसा समान असतो, म्हणून घराण्यात दोष असेल तर तो दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. अशा घरांनी तरी तपासणी टाळू नये.

आता त्या पित्याचा प्रश्न. फिक्हमध्ये निकाहाला बाध आणणारे जे 'ऐब' सांगितले आहेत, त्यांत निरोगी वाहक बसत नाही, असे मला वाटते. तरीही दोघेही वाहक असतील तर मौन बाळगता येणार नाही. कारण येथे तिसरा हक्कदार आहे: अद्याप न जन्मलेले मूल. जो अस्तित्वातच नाही त्याला हक्क कसला, अशी शंका येईल. पण आपले वक्फ पाहा. वक्फ करणारा पुढच्या पिढ्यांच्या नावे मालमत्ता बांधून ठेवतो, आणि शरिअत त्या अजात वारसांचा वाटा मान्य करते. जमिनीच्या उत्पन्नात ज्यांचा हक्क आपण मानतो, त्यांच्या देहाबाबत तो नाकारायचा?

ही गीबतही ठरत नाही. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी दोन स्थळांविषयी सल्ला विचारला तेव्हा प्रेषितांनी (स.) एकाचे दारिद्र्य आणि दुसऱ्याचा कठोर स्वभाव स्पष्ट सांगितला होता. मात्र ते विचारणारीला सांगितले, मोहल्ल्याला नव्हे.

आणखी एक हदीस मला फार महत्त्वाची वाटते. बनू फजारातील एक जण, पत्नीने काळे मूल प्रसवले म्हणून संशय घेऊन आला. प्रेषितांनी (स.) त्याच्या उंटांचे रंग विचारले. तांबड्या उंटांत एखादा करडा होता. तो कुठून आला, असे विचारता त्याने स्वतःच म्हटले, एखाद्या जुन्या रगेने ओढले असावे. मग मुलालाही तसेच ओढले असेल, असे प्रेषितांनी (स.) त्याला समजावले. वारशाचे ज्ञान येथे एका स्त्रीची अब्रू वाचवण्यासाठी वापरले गेले आहे. आपण तेच ज्ञान मुलीचे स्थळ मोडायला वापरतो.

म्हणून माझी सूचना आहे: तपासणी आधी मुलाची करा, आणि ती सिकलसेल व थॅलेसेमिया दोन्ही सांगणारी असावी. त्याचा अहवाल निर्दोष असेल तर या बाबतीत मुलीला विचारण्याचे कारणच उरत नाही. तो वाहक असेल तरच मुलीचा अहवाल मागावा. दोघेही वाहक निघाले तर निकाह हराम होत नाही. सौदी अरबस्तानात २००४ पासून अशी तपासणी सक्तीची आहे, पण निर्णय जोडप्यावरच सोडलेला आहे. मात्र तो निर्णय डॉक्टरांकडून सारे समजून घेऊन व्हावा, आणि मुलीची संमती तेव्हा पुन्हा घ्यावी.

निकाहनाम्यात यासाठी रकाना असावा काय? माझ्या मते नसावा. तो कागद अनेक हातांतून फिरतो. अहवाल दोन्हीकडच्या वलींनी पाहावेत, आणि बोलणी मोडली तर ज्याचा त्याला परत द्यावेत. मोबाईलवर त्याचे छायाचित्र ठेवू नये.