चौथे ऋण

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळण्याला अजून अवकाश होता. अक्का स्वयंपाकघरात फराळाची ताटे भरत होती, दाजी झोपाळ्यावर डोळे मिटून पडले होते, आणि माझी भाची एक दोनशेपानी वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली.

"मामा, नर्स व्हायचं तर पगार किती मिळेल हे आधी विचारणं वाईट का?"

प्रश्न माझ्यासाठी नव्हता, झोपाळ्यासाठी होता. दाजींनी डोळे न उघडताच उत्तर दिले, "सेवेचं शिक्षण ते. त्यात नफातोटा कसला पाहायचा?"

मी वही ओढून घेतली. दिवाळीत व्यापारी वहीची पूजा करतात. ही वहीही मला त्याच मानाची वाटली. डावीकडे कर्ज होते, उजवीकडे पगार. २०२४ साली शासनाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले खरे. पण ती सवलत केंद्रीभूत प्रवेशाची. भाचीची तिथली जागा थोड्या गुणांनी हुकली होती. आता उरली होती एका खाजगी महाविद्यालयातली, संस्थेच्या कोट्यातली जागा. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग, सगळे मिळून वर्षाला एक लाख. बँक ४ लाखांपर्यंत तारण मागत नाही, आईबापांची सही मात्र मागते. शिक्षण चालू असताना आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. दहा टक्के दर धरून पोरीने नेमका हिशेब केला होता. हप्ता सुरू होईल त्या दिवशी ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला ७,१३६ रुपये, आणि एकूण फेड साडेआठ लाखांच्या पुढे.

उजव्या बाजूला तिने त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एका मुलीचा पगार लिहिला होता : १८,०००. म्हणजे पाच रुपयांतले दोन बँकेचे.

"आणि ही चवेचाळीस हजार नऊशेची ओळ कसली?" मी विचारले.

"केंद्र सरकारच्या इस्पितळातलं मूळ वेतन. महाविद्यालयाचे लोक तेवढंच सांगतात."

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली शिफारस केली होती, की लहानातल्या लहान खाजगी रुग्णालयानेही परिचारिकेला महिना २०,००० पेक्षा कमी देऊ नये. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. ती मुलगी त्या शिफारशीच्याही दोन हजार खाली उभी होती.

खरे सांगतो, माझे मन आधी दाजींच्याच बाजूला झुकले होते. आईच्या औषधाला आणि देवाच्या नैवेद्याला किंमत विचारू नये अशा घरात आम्ही वाढलो. पण मग फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई आठवल्या. सेवेचे नाव निघाले की आपण त्यांच्याच हातातला दिवा पुढे करतो. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली, तेव्हा शिकाऊ मुलींना राहणे-जेवण तर मिळेच, वर वर्षाला दहा पौंड हातात पडत. त्या दिव्याच्या तेलाचे पैसे मुलींच्या बापांकडून घेतलेले नव्हते. सेवा हा शब्द करणाऱ्याच्या तोंडी असतो तोवर तो दागिना असतो; करवून घेणाऱ्याच्या तोंडी गेला, की पगार कापण्याची कात्री होतो.

तर मग वहीचा आकडा म्हणेल तेच खरे? तेही मला पटेना. अक्काच्या सासूबाई अर्धांगवायूने सात महिने अंथरुणावर होत्या. ही पोर तेव्हा अकरावीत. दर दोन तासांनी ती त्यांना कुशीवर वळवी, पाठीला हात लावून पाही. सात महिन्यांत म्हातारीच्या पाठीला एक जखम झाली नाही. हे डाव्या रकान्यात येत नाही, उजव्याही रकान्यात येत नाही. आणि या हातांनी पगार जास्त म्हणून दुसरेच काही करावे, असे म्हणण्याचा धीर मला नव्हता.

महाभारतात माणसाची चार ऋणे सांगितली आहेत. देव, ऋषी आणि पितर यांची तीन आपण नेहमी ऐकतो. चौथे मनुष्यऋण, आणि ते फिटते दयेने. ही मुलगी ते चौथे ऋण फेडायला निघाली होती, आणि फेडायला जाण्याच्या वाटेवरच आपण तिच्या डोक्यावर पाचवे, बँकेचे, ठेवीत होतो.

या पाचव्याचे खरे ओझे व्याजात नसते. रात्री तीस खाटांमागे एकच परिचारिका ठेवणाऱ्या ठिकाणी ती लागली, तर "हे बरोबर नाही" असे तिला म्हणता यायला हवे. न ऐकले तर उठून जाता यायला हवे. पाच तारखेचा हप्ता तिला तिथेच बसवील, आणि गप्प बसवील. रोग्याला जो हात हवा तो दमलेला चालेल, पण मिंधा चालणार नाही. म्हणून हा हिशेब करणे हा सेवेचा अपमान नव्हे. सेवेची ती पहिली तयारी आहे. तो मांडताना पगार मात्र सर्वांत कमी धरावा, महाविद्यालय सांगते तो नव्हे.

हे मी बोललो, तेव्हा झोपाळा थांबला होता. दाजी हळूच म्हणाले, "सही मी करणारच होतो. तिनं मागं वळून पाहावं अशी वेळ येऊ नये, एवढंच वाटत होतं." बापाने सेवेचा आडोसा कशासाठी घेतला होता ते तेव्हा कळले. आपली ऐपत कमी आहे हे मुलीने मोजू नये, म्हणून.

ती जागा तिने सोडली. यंदा ती जिल्ह्याच्या सरकारी परिचर्या शाळेत तीन वर्षांच्या पदविकेला आहे. खर्च दाजींना झेपतो. पुढे दोन वर्षांत पदवी करता येते. एक वर्ष वाया गेले, मैत्रिणी पुढे गेल्या, त्याचे तिला वाईट वाटते. ते खोटे कशाला सांगू?

त्या संध्याकाळी अक्काने मला ओवाळले. मी तबकात नोट ठेवली, तशी भाची निरांजनाच्या उजेडात वही मिटीत म्हणाली,

"मामा, ही मुद्दल की व्याज?"

अक्का म्हणाली, "गप गं. हे फिटायचं नसतं."