दाविदाने जमविलेले लाकूड

(शास्त्रवाचन : 1 इतिहास, अध्याय 22)



7 सप्टेंबर 2019 च्या मध्यरात्रीनंतर कल्याण-डोंबिवलीच्या चाळींपासून मुरबाड-शहापूरकडील वाड्यांपर्यंत पुष्कळ लोक जागे होते. चांद्रयान-2 मधील 'विक्रम' हे यान 'प्रज्ञान' नामक सहा चाकांची लहानशी गाडी पोटात घेऊन चंद्रावर उतरत होते. भूमी सुमारे 2 किलोमीटर राहिली असता त्याचे संदेश बंद पडले, यान आदळले. संस्थेचे प्रमुख के. सिवन ह्यांस सर्व देशासमक्ष अश्रू आवरले नाहीत.

पुढे जे झाले ते आपल्या मंडळ्यांनी नीट पाहावे. इंजिनांचा जोर अपेक्षेहून अधिक झाला, यानास पुरेसे लवकर वळता आले नाही, आणि उतरण्याची जागा अवघी 500 मीटर लांब-रुंद होती, हे शोधून उघड सांगण्यात आले. नव्या यानाकरिता जागा विस्तीर्ण केली, पाय बळकट केले, इंधन वाढविले. शिवाय चंद्राभोवती फिरणारे जुने यान शाबूत होते. त्याच्या छायाचित्रांवरून जागा निवडली गेली. ऑगस्ट 2023 मध्ये चांद्रयान-3 आले तेव्हा त्यानेच त्याच्याशी संबंध जोडला, आणि 23 तारखेस नवे 'विक्रम' सुखरूप उतरले.

दाविदाला मंदिर बांधावयाचे होते. देवाने ते त्याच्या हातून होऊ दिले नाही, तथापि त्याच्या मनातील हेतू चांगला ठरविला. दावीद रुसून बसला नाही. लोखंड, पितळ व गंधसरूचे लाकूड त्याने शलमोनाकरिता जमवून ठेविले. (दाविदास मनाई होण्याचे कारण निराळे होते, आमची तुलना मागे राहिलेल्या सामग्रीपुरतीच आहे.)

आमच्याकडे एखादा उपदेशक पाड्यावर रात्रीची शाळा काढतो. भातकापणी संपते, कुटुंबे वीटभट्टीवर जातात, शाळा बंद पडते. मग तो उपासनेस येऊन दाराजवळ बसतो, आणि आपण म्हणतो, "आम्ही आधीच सांगितले होते." डोंबिवलीहून दुकान बुडवून परतलेल्या तरुणासही हेच ऐकावे लागते. असे बोलणे आम्हांस पापच वाटते. शाळा मोडली खरी. परंतु चार मुलांस अक्षर आले, हजेरीच्या वहीत त्यांची नावे आहेत, फळा कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळींनी त्या भावाच्या घरी जावे, शाळा कोणत्या महिन्यात व कशाने विस्कटली हे त्यालाच विचारावे, आणि ती वही मागून घ्यावी.