हौस ओसरते तेव्हा

अनेक घरांतून कपाटाच्या वरच्या फळीवर चित्रकलेची एक वही पडलेली असते. पहिली दहाबारा पाने रेखाटनांनी भरलेली, एखाद्या पानाच्या कोपऱ्यात तारीख, आणि पुढे सारी पाने कोरी. ती वही जिची किंवा ज्याची असते, ती व्यक्ती चित्रकार म्हणून कोणाला ठाऊक नसते. ती शाळेत शिकवते, रुग्णालयात परिचारिका असते, बँकेत हिशेब तपासते, किंवा घर सांभाळते. विचारले तर उत्तर येते, "आता पूर्वीसारखी हौस राहिली नाही." या उत्तरात थोडी खंत असते आणि थोडी शरमही असते.

आम्हांला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. वरवर पाहता येथे कोणाचे काहीच बिघडलेले नसते. ज्या चित्रांची कोणी मागणी केली नव्हती ती काढली गेली नाहीत, एवढेच. मग छंद सोडला तर दोष कोणता? आणि दोष नसेल, तर मनाला लागून राहिलेली ती खंत कशाची? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम या अवस्थेचे स्वरूप पाहू. मनुष्य आवडीने पेन्सिल हाती घेतो. मनातील आकृती कागदावर उतरत नाही. दुसऱ्याचे चित्र आठवते, आपले फिके वाटते. एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो. चुकल्याची टोचणी लागते आणि त्या टोचणीमुळेच पुन्हा बसणे अधिक जड होते. आवड म्हणून धरलेली गोष्ट अशा रीतीने कर्तव्य होऊन बसते. आणि कर्तव्य म्हणून ती फार दुबळी असते, कारण तिच्याबद्दल जाब विचारणारे कोणीच नसते. अशा वेळी हितचिंतक दोन प्रकारचे सल्ले देतात. काही म्हणतात, शिस्त लावून घ्या. काही म्हणतात, मनात येईल तेव्हाच काढा. पहिल्याने हौसेची वेठबिगार होते, आणि दुसऱ्याने वही कायमची मिटते. दोहोंत सत्याचा अंश आहे, परंतु मूळ दुखणे कशात आहे हे दोन्ही सल्ले पाहत नाहीत.

लहान मुलाला चित्र काढण्यासाठी कोणी प्रोत्साहन द्यावे लागत नाही. खडू मिळाला की भिंत रंगते. हा झरा आटतो केव्हा? आपल्या महाराष्ट्रात शाळकरी मुले एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसतात. राज्याच्या कला संचालनालयाच्या या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांच्या हाती प्रथमच जलरंगांची पेटी दिली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु श्रेणी मिळाली, दहावीच्या गुणपत्रिकेत वाढीव गुणांची भर पडली, की किती घरांतून ती पेटी पुन्हा उघडली जाते? मुलाने नकळत एक धडा गिरवलेला असतो: चित्र हे कशासाठी तरी काढावयाचे असते.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग उद्बोधक आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 साली प्रसिद्ध केला. बालवाडीतील ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला, चित्र काढलेत तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. दुसऱ्या गटाला ते न सांगता नंतर दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी तीच पेने वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा आधी आमिष दाखवलेल्या गटातील मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ घालवला. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवडीला धक्का लागला नाही. म्हणजे बक्षीस वाईट नव्हे. बक्षिसासाठी काढणे ही गोष्ट आवडीचे मूळ कुरतडते.

प्रौढ मनुष्याला परीक्षा नसते, परंतु तो ती स्वतः निर्माण करतो. कोणी वाखाणले का? अमक्यासारखे जमले का? हल्ली तर मोबाइलच्या पडद्यावर जगातील उत्तमोत्तम हातांची कामे क्षणाक्षणाला समोर येतात, आणि संध्याकाळी अर्धा तास काढून आपल्या अंगणातील जास्वंद रेखाटणारी गृहिणी त्यांच्याशी आपली तुलना करून बसते. जास्वंद आणि तिचा डोळा यांच्यामध्ये तिसरा कोणीतरी येऊन बसला, की जास्वंद दिसेनाशी होते. आमच्या मते हौस ओसरण्याचे हेच मुख्य कारण होय.

या मनोवस्थेची ओळख जुन्या संन्याशांना चांगली होती. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एव्हाग्रिअसने तिचे वर्णन करून ठेवले आहे. भर दुपारी संन्याशाला सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, तो पुनःपुन्हा खोलीबाहेर डोकावतो, हातातील काम नकोसे होते, दुसऱ्या कोठेतरी आपण अधिक सुखी झालो असतो असे वाटू लागते. या उबगाला त्यांनी अ‍ॅसीडिया असे नाव दिले. हा साधा आळस नव्हे. आळशी मनुष्याला काम नको असते. उबगलेल्याला तेच काम प्रिय असते आणि तेच दुःखद वाटते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याची मीमांसा करताना हे एका चांगल्या गोष्टीविषयीचे दुःख होय, असे म्हटले. वहीकडे पाहून येणारी ती खंत या दुःखाची दूरची नातलग आहे.

त्यावर संन्याशांनी काय उपाय केला? जॉन कॅसियन या लेखकाने आबा पौल नावाच्या एका तपस्व्याची हकिकत नोंदवली आहे. पौल वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत असे. इतर संन्यासी ताडपत्रांच्या वस्तू विणून विकीत. परंतु पौलाला त्या बाजारात नेण्याचे भाडेच विक्रीपेक्षा अधिक पडले असते. तरीही तो रोज ताडपत्रे गोळा करी आणि ठरलेले काम पुरे करी. वर्षअखेर गुहा भरून जाई, तेव्हा सारे जाळून टाकी आणि पुन्हा प्रारंभ करी. कामाची किंमत बाजारात ठरत नाही, ते करणाऱ्याच्या मनाची घडी राखते, हे त्याने जाणले होते. इतक्या दूर कशाला? आपल्याकडे कितीतरी स्त्रिया रोज पहाटे सडा घालून दारात रांगोळी रेखाटतात. दुपारपर्यंत ती पायांखाली विस्कटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठिपके मांडले जातात. त्या माउलीला प्रेरणेचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि तिलाही तो पडत नाही. कारण ती रांगोळी कोणाच्या निकालासाठी काढलेली नसते.

मग चित्र कशासाठी काढावे? याचे उत्तर आम्हांला विदर्भाच्या रानांत सापडते. व्यंकटेश माडगूळकर हे मराठीतील श्रेष्ठ कथाकार. 1983 साली 'सत्तांतर' या वानरांच्या टोळ्यांवरील कादंबरीसाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. त्यांचे नाव झाले ते शब्दांमुळे; चित्र ही त्यांची जोडीची आवड होती. पुण्याच्या आकाशवाणीवरील नोकरी आणि लेखन सांभाळून ते आयुष्यभर रेखाटने करीत राहिले. रानात एकटे राहावे या ओढीने ते तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील नागझिऱ्याच्या अभयारण्यात गेले, आणि त्या मुक्कामातून 1979 साली 'नागझिरा' हे पुस्तक सिद्ध झाले. ज्याची लेखणी इतकी समर्थ, त्याला रेषेची गरज का भासावी? आम्हांला वाटते, कागदावर रेषा ओढण्यासाठी त्या प्राण्याकडे जितका वेळ पाहावे लागते, तितका वेळ आपण एरवी कोणाकडेच पाहत नाही.

नागझिऱ्याप्रमाणेच त्या भागातील दुसरे रान नवेगाव बांधचे. ही दोन्ही अरण्ये आज गोंदिया जिल्ह्यात असून 2013 पासून एकाच व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी तेथील दिवसांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि रानातल्या माणसांकडून झाडापाखरांची नावे गोळा केली. तेही पाहण्याचेच व्रत होते. त्यांचे साधन शब्द होते एवढेच. याच जिल्ह्याच्या धानाच्या बांध्यांतून आणि तलावांच्या काठी महाराष्ट्रात अन्यत्र अत्यंत दुर्मिळ झालेला सारस पक्षी अजून थोडक्या संख्येने आढळतो. सारस पाहिला आहे असे म्हणणाऱ्याने तो कागदावर काढून पाहावा. पाय काढताना हात अडतो, कारण गुडघा उलट्या दिशेने वाकलेला दिसतो. पुन्हा पाहावे लागते. शोध घेतल्यावर कळते की, ज्याला आपण गुडघा समजलो तो पक्ष्याच्या घोट्याचा सांधा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला आहे. मानेचा लाल रंग नेमका कोठे संपतो? त्यासाठी तिसऱ्यांदा पाहावे लागते. चित्र कदाचित बिघडेल. परंतु ज्याने हे केले त्याने सारस पाहिला. पाहण्याचे फळ त्याला मिळून चुकले आहे, आणि ते त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता राहिला प्रश्न सातत्याचा. नवेगावचा तलाव याबाबतीत आम्हांला गुरुस्थानी वाटतो. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. भोवतालच्या डोंगरांना सात बहिणींचे डोंगर म्हणतात, आणि त्यांतील एका शिखरावर कोलासूर देव म्हणून त्याच पुरुषाचे स्थान लोकांनी मानले आहे. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील कित्येक जुने तलाव कोहळी समाजाच्या कौशल्याची साक्ष देतात. अशा तलावाची मातीची पाळ पाऊस आणू शकत नाही. पाऊस त्याच्या मर्जीने येतो, कधी फिरकतही नाही. परंतु पाळ नसेल तर आलेला पाऊस नाल्याने वाहून जातो आणि मार्गशीर्षात धानकऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून कोरड्या दिवसांतच पाळीवर माती टाकावी लागते, खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात. प्रेरणा ही पावसासारखी आहे आणि सवय ही पाळीसारखी. जे लोक हौस येण्याची वाट पाहत बसतात ते पाळीवाचून पाऊस मागतात. आणि जे केवळ शिस्तीचा धाक घालतात त्यांना पाळीनेच पाऊस पाडावा असे वाटते. वर उल्लेखिलेल्या दोन सल्ल्यांतील उणीव ती हीच.

ही पाळ फार उंच असण्याची गरज नाही. मुठीत मावेल अशी लहान वही, एक पेन्सिल, आणि दिवसातील ठरावीक पंधरा मिनिटे पुरेत. विषय जवळचाच असावा: तांब्या, चप्पल, झोपलेले मूल, खिडकीतील कावळा. तीच वस्तू आठवडाभर काढली तरी हरकत नाही. सातव्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा वेगळी दिसते. बिघडलेले पान फाडू नये. काही काळ वही कोणालाही दाखवू नये. वय झाल्याची सबब सांगणाऱ्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांचे स्मरण करावे. हस्तलिखितातील खोडलेल्या शब्दांना रेषांनी जोडता जोडता साठीनंतर ते चित्रांकडे वळले, आणि 1930 साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले.

घरच्या मंडळींचीही येथे एक जबाबदारी आहे. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न जितका मारक, तितकेच "वा, विकायला ठेव की!" हे कौतुकही मारक ठरू शकते, कारण दोन्ही त्या पानावर बाजार आणून बसवतात. त्यापेक्षा "आज काय पाहिलेस?" असे विचारावे. मुलांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे आहे.

तथापि प्रत्येक कोरे पान हा दोष नव्हे. घरात आजारी माणूस असेल, शोकाचे दिवस असतील, तर वही मिटलेलीच बरी. अशा वेळी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहणे हेच चित्रकाराचे काम. शेतही कधी पडीक ठेवावे लागते. संत योहानाची एक जुनी कथा कॅसियन आणि अक्वायनस दोघेही सांगतात: सदैव ताणलेले धनुष्य मोडते, म्हणून मनालाही सैल सोडावे. विश्रांती आणि उबग यांत फरक कसा ओळखावा? विश्रांतीनंतर डोळा पुन्हा वस्तूंकडे ओढ घेतो. उबगात तो कोणत्याच वस्तूवर ठरत नाही. ही खूण प्रत्येकाने स्वतःपुरती तपासून पाहावी. आणि पाहण्याची ओढ जर बागेकडे, वाद्याकडे किंवा पाखरांच्या नोंदीकडे वळली असेल, तर पेन्सिल निःशंकपणे खाली ठेवावी.

आरंभीच्या दोन प्रश्नांचे उत्तर आता देता येईल. चित्र काढणे हे कोणाचेही कर्तव्य नाही. ते सोडण्यात अपराध नाही. परंतु भोवतालच्या सृष्टीकडे आणि माणसांकडे मन लावून पाहणे हे आपणा सर्वांचे देणे आहे, आणि ज्यांना पेन्सिलीच्या टोकाशीच ते पाहणे साधते, त्यांनी ती टाकली तर त्यांच्या जीवनातून लक्ष देण्याची एक वाट बुजते. खंत असते ती त्या वाटेची. कपाटावरील वहीच्या मालकाला म्हणून आमचे एवढेच सांगणे: चांगले चित्र काढण्याचा संकल्प करू नका. उद्या सकाळी चहाचा कप रिकामा झाला की त्याच्या कानाकडे नीट पाहा, तो कपाला कोठे आणि कसा जोडला आहे ते पेन्सिलीने टिपा, आणि पानाखाली तारीख घाला.