सिंदबादचा हमाल

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझं वाचन बंद झालं. मुलीनं मोबाइलवर थोडी खुडबुड केली, तो माझ्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "बाबा, सिंदबादच्या सफरी. तुमच्या लहानपणच्या. नुसतं पडून ऐका."

आमच्या सौ.चा या प्रकारावर विश्वास नाही. ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे, हे तिचं मत. मी म्हटलं, "अगं, आपण नेवाशाची माणसं! १२९० साली ज्ञानेश्वरांनी इथं ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुस्तक आधी कानात गेलं, कागदावर मागाहून."

"तेव्हा कुणी घोरत ऐकत नव्हतं," ती म्हणाली. आमच्याकडचे तात्त्विक वाद असेच संपतात.

पण सिंदबाद मी एकदा वाचून दाखवलाही होता. १९७२ चा दुष्काळ. जिल्ह्याचं अहिल्यानगर व्हायला अजून ५२ वर्षं होती. विहिरी आटलेल्या, रेशनवर तांबडा मिलो. आजी डोक्यावर हंडा घेऊन मैलभरावरून पाणी आणायची आणि रात्री कंदिलाशी टेकून म्हणायची, "वाच." तिला अक्षरओळख नव्हती. एका सफरीला मूठभर शेंगा नि गुळाचा खडा, हा माझा दर.

दर ठरला की मापात पाप आलंच. मी पानं गाळायचो. बंदरं, व्यापार, सुरुवातीची लांबण, सगळं उलटून थेट रुख पक्ष्याचं अंडं! सहावी सफर तर मी स्वतःही वाचली नाही. आजीनं बोटं मोजली. "सात म्हणाला होतास." "सहावी वाळवीनं खाल्ली," मी म्हटलं. शेंगा मात्र सातांच्या घेतल्या.

मोबाइलमधला गृहस्थ एक ओळ गाळत नाही. त्यामुळे साठीनंतर मला कळलं, की सहाव्या सफरीत सिंदबाद सरनद्वीपला, म्हणजे चक्क लंकेला जातो. रामायणावर पोसलेल्या म्हातारीची मी लंका लांबवली होती!

लंकेचं एक वेळ सोडा. पण गोष्ट सुरू होते ती सिंदबादपासून नाहीच. बगदादच्या उन्हात एक हमाल ओझं उतरवून एका श्रीमंताच्या दाराशी टेकतो. आतून जेवणाचा वास, गाणं. तो देवाला विचारतो, मी मरमर मरायचं आणि यानं बसून खायचं, हे कसं? आतला श्रीमंत म्हणजे सिंदबाद. तो हमालाला जेवू घालतो आणि आपण किती सोसलं ते पटवायला सातही सफरी त्यालाच ऐकवतो. वर दरवेळी शंभर मोहरा! मोहरा घेऊन ऐकणारा मान हलवणारच. सिंदबादनं सोसलं, कबूल; पण हमालानं काय कमी सोसलं होतं? ही पानं मी आजीला वाचून दाखवलीच नव्हती.

पाचव्या सफरीत एक म्हातारा सिंदबादच्या मानेवर बसतो तो उतरतच नाही. मला भीती वाटायची. आजी मात्र खळखळून हसली. "बरं झालं! कळू दे मेल्याला ओझं." मग जरा थांबून तिनं विचारलं, "का रे, एवढी गाठोडी वाहतं कोण त्याची? कुणी हमालबिमाल आहे का नाही पुस्तकात?"

"नाही," मी म्हटलं आणि शेंग फोडली.