भात कोणी पिकवलं?

नोकरी पुरे झाली, आता गावी जाऊन शेती करायची, असं लालबाग-परळमध्ये हल्ली पुष्कळांच्या तोंडून ऐकू येतं. निवृत्तीला आलेले म्हणतात, तसे चाळिशीतलेही म्हणतात. मला त्याचा मनापासून आनंद होतो. पण आपण काहीतरी नवीन करायला निघालो आहोत असा सूर त्यात लागला, की याच गिरणगावाची आठवण करून द्यावीशी वाटते. 1854 साली कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. त्यानंतर रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरची माणसं इथे येत राहिली आणि पेरणी-लावणीला, गणपतीला, शिमग्याला परतत राहिली. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत वळकटी ठेवायची, पाळीनुसार झोपायचं, जेवायचं खानावळवाल्या बाईकडे. घर मात्र गावीच.

मुंबईच्या मनीऑर्डरीवर कोकण जगलं, हे आपण किती वेळा ऐकलं आहे! ते खरंच आहे. पण त्याची दुसरी बाजू तितक्या वेळा सांगितली गेली नाही. गिरणीचा पगार एका माणसाचं खोलीभाडं, खानावळ आणि गावी धाडायचे थोडे पैसे भागवण्यापुरता होता. घरच्या पाच-सात तोंडांचा भात पिकत होता तो गावच्या मळ्यात. त्या भातामुळेच इतक्या थोड्या पगारात माणूस गिरणीत टिकू शकला. म्हणजे गिरणीच्या नफ्यातही त्या शेताचा वाटा होता, आणि तो कुठल्याच ताळेबंदात आला नाही.

1982 च्या गिरणी संपात ही गोष्ट उघड झाली. 18 जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा कोकणातलं भात झोडून कणगीत पडलेलं होतं. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. महिने सरत गेले, आणि हजारो जण खोलीला कुलूप लावून गावी गेले. मृग आला तेव्हा साच्यावर उभी राहणारी माणसं चिखलात उभी होती. इतका लांबलेला संप माणसांनी कसा सोसला, याचं उत्तर जसं युनियनच्या सभांमध्ये आहे, तसंच ते त्या कणगीतही आहे. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक जण त्यानंतर गिरणीच्या फाटकाशी पुन्हा आले नाहीत, गावीच राहिले. त्यांना जायला शेत होतं.

पण ते शेत जागेवर कसं राहिलं? चाकरमानी वर्षाचे दहा-अकरा महिने मुंबईत. उन्हाळ्यात डोक्यावरून टहाळ आणि शेण वाहून भाजावळ करायची ती बायकोने, आईने. पहिल्या पावसाआधी भात पेरायचं, तीन आठवड्यांचा तरवा उपटायचा, इरलं पाठीवर घेऊन दिवसभर वाकून लावणी करायची. नांगराला शेजाऱ्याचं जोत घेतलं तर त्याच्या शेतात राबून ते फेडायचं. कापणी, झोडणी, पुन्हा उन्हाळ्याची तयारी. बांध फुटला तर तोही तिनेच घालायचा. दरवर्षी कसली म्हणून जमीन शेत राहिली. दहा वर्षं पड पडली की तिथे करवंदीची जाळी होते. 2020 च्या टाळेबंदीत गावी गेलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. शाळेतलं विलगीकरण संपवून ते मळ्याकडे गेले, तेव्हा ज्या घरात कोणी राहिलेलं होतं तिथे त्या पावसात भात लागलं. घराला कुलूप होतं तिथे आधी कोयती शोधावी लागली.

आज जाणाऱ्यापुढे अडचणी खऱ्या आहेत. माकडं आणि रानडुकरं उभं पीक नेतात, लावणीला माणसं मिळत नाहीत, सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची वीस-वीस नावं सामायिक असतात. या सगळ्याची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण सातबारा हातात घेतलाच आहे, तर त्यावर कोणाचं नाव नाही तेही बघावं. जिने चाळीस पावसाळे ती जमीन ओली ठेवली, तिचं नाव बहुधा नवऱ्याच्या पश्चात, वारस म्हणूनच येतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली ती याचसाठी होती: नवरा जिवंत असताना, त्याच्या राजीखुशीने, बायकोच्या नावे जमीन व्हावी. अनेक गावांनी ते करून दाखवलं. गिरणगावातून जिकडे माणसं परततात, त्या वाड्यांमध्येही ते व्हायला हवं. आणि कुठला मळा पाणी धरतो, कुठल्या कोपऱ्यात नाचणीच बरी, कुठलं बियाणं आपल्या मातीला मानवतं, हे तिलाच विचारावं लागणार आहे. अजून ती ओटीवर बसलेली आहे, तोवर जायला हवं.