शैली मुलाची की भाषेची?

नेसरी म्हटलं की महाराष्ट्राला आठवते ती १६७४ची खिंड आणि प्रतापराव गुजर. या परिसराची दुसरी ओळख शाळेच्या वर्गात ऐकू येते. गडहिंग्लज तालुक्याच्या या टोकाला चंदगडी बोली जवळ आहे, तालुक्याच्या पूर्वेकडच्या अनेक घरांत कानडी बोलतात आणि कोवाडमार्गे बेळगावचा रस्ता रोजच्या पायाखालचा. त्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. घरची बोली, पुस्तकातली मराठी, इंग्रजी आणि कधी बाजारापुरती कानडी, एवढं सगळं इथल्या मुलांना एकाच वयात पेलावं लागतं.

अशा मुलांविषयी बोलताना ‘अध्ययनशैली’ हा शब्द आता सर्रास वापरला जातो. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग यांनी १९९२मध्ये दृश्य, श्राव्य, वाचन-लेखन आणि कृती असे चार गट मांडले आणि त्यांची प्रश्नावली जगभर गेली. मागे पडणारं मूल ‘ढ’ नसतं, त्याची वाट वेगळी असू शकते, हा दिलासा यातून मिळाला आणि तो मोलाचा आहे.

पण मुलाची शैली ओळखून त्याच शैलीत शिकवलं की ते जास्त शिकतं, हा दावा टिकलेला नाही. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८मध्ये उपलब्ध संशोधन तपासलं, तेव्हा त्याला पुरेसा आधार सापडला नाही.

म्हणून आवडीनिवडी खोट्या ठरत नाहीत. भाषा शिकताना मूल आधी कुठल्या युक्तीकडे वळेल, हे बरेचदा आवड ठरवते. रिबेका ऑक्सफर्ड यांनी १९९०मध्ये अशा युक्त्यांचे सहा गट मांडले. त्यांत लक्षात ठेवण्याच्या क्लृप्त्या आहेत, तसंच अडलेला शब्द टाळून वेळ मारून नेणं आहे, भीती आवरणं आहे आणि दुसऱ्याला विचारणंही आहे. वहीत रमणारी मुलगी याद्या करते, बोलका मुलगा विचारत सुटतो. प्रश्न असा, की आवडीची युक्ती प्रत्येक ठिकाणी कामाला येते का?

कानडी घरातली मुलगी मराठी शिकते तेव्हा काय होतं, ते पाहू. कानडीत निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. मराठीत मात्र तो दगड, ती वीट, ते घर. याला सरसकट नियम नाही. वहीत तीन रकाने आखून शब्द पाठ केले, तर परीक्षेत गुण मिळतात, पण बोलताना दर शब्दाला रकाना आठवत बसावं लागतं. ‘मोठा दगड, पक्की वीट, जुनं घर’ अशा जोड्या कानावर पडत राहिल्या आणि तोंडात बसल्या, तर लिंग आपोआप येतं. इथे कानच तारतो.

तोच कान पुढच्याच धड्यात फसवतो. ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं. कानडीत ते कर्त्याप्रमाणे चालतं, आणि सीमेवरच्या मराठीतही ‘मी काम केलो’ असं घरोघरी ऐकू येतं. ती चूक नव्हे, या पट्ट्याची ती रीतच आहे. पण प्रमाण मराठी लिहायची असेल, तर ऐकलेल्यावर भरवसा ठेवून चालत नाही. ‘मी काम केलो’ आणि ‘मी काम केलं’ ही वाक्यं कागदावर शेजारी-शेजारी मांडून क्रियापद कुणामागे जातं ते बघावंच लागतं. मुलगी तीच, भाषा तीच, पण रीत बदलावी लागते, कारण शिकायची गोष्ट बदलली.

इंग्रजीची अडचण आणखी वेगळी. ज्या मुलाचा कान तयार आहे, त्याच्या कानावर दिवसभरात इंग्रजी पडतंच किती? मग तो गाइड घेऊन उत्तरं घोकतो आणि घोकंपट्टी ही त्याची शैली ठरते. खरं तर ती परीक्षेची शैली असते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या घडल्या, त्यांतले कितीतरी जण इंग्रजीत नेटका अर्ज लिहीत, पण बोलायची वेळ आली की अडखळत. जिभेला सराव नव्हता, एवढंच.

शैलीही कायमची नसते. जॉय रीड यांनी १९८७मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिथे तीन वर्षांहून अधिक राहिलेल्यांचा कल ऐकून शिकण्याकडे नवागतांपेक्षा जास्त दिसला. भोवतालची भाषा मिळाली, की कानही तयार होतो.

म्हणूनच शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत मुलांचे गट पाडणारी प्रश्नावली भरून घेण्यापेक्षा साधं काम हाती घ्यावं. या आठवड्याचा घटक ऐकून पक्का होईल, लिहून की बोलून, हे शिक्षकांनी आधी ठरवावं. मग एकेका मुलाला विचारावं, ‘तू हे कसं पाठ केलंस?’ याद्या करणाऱ्या मुलीला मोठ्याने बोलायला लावावं, बडबड्या मुलाच्या हाती वही द्यावी. इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं तरी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. याला वेगळं अनुदान लागत नाही आणि नेसरीच्या शाळेत ते येत्या सोमवारपासूनही सुरू करता येईल.